आठ नंबरचा ठिपका

माझा दादा गेला तेव्हा सतरा वर्षांचा होता. आता तो चौतीस वर्षांचा आहे. कानांपाशी केस पांढरे झालेत आणि डावा गुडघा कुरकुरतो. मला वेड लागलेलं नाही, नीट सांगते.

दादाच्या कॉम्प्युटरवर फुटबॉलचा एक गेम आहे. त्यात आपण खेळायचं नसतं, खेळवायचं असतं. आपण प्रशिक्षक. कोणाला मैदानात उतरवायचं, कोणाला बेंचवर बसवायचं, बचावाची फळी पुढे ढकलायची की मागे ओढायची, चेंडू हातचा गेला की लगेच समोरच्याच्या अंगावर धावायचं की गपगुमान आपल्या जागी परतायचं, हे सगळं आधी ठरवून द्यायचं. मग हाताची घडी घालून बघत बसायचं. हिरव्या पडद्यावर ठिपके पळतात, प्रत्येकावर नंबर. आपण कितीही ओरडलो तरी त्यांना ऐकू जात नाही. आई म्हणते, हे तर अगदी मुलं वाढवण्यासारखंच आहे.

दादाने त्यात एक खेळाडू स्वतः बनवून घातला होता. नाव आपलं, वय आपलं, आणि चेहऱ्यासाठी शाळेच्या ओळखपत्रावरचा तो फोटो, ज्यात त्याने नुकतीच शिंक दाबलेली आहे. गेमने त्या फोटोवरून चेहरा बनवला. आठ नंबर, मधली फळी, मधोमध, आणि वर कर्णधार. प्रशिक्षक हाच, खेळाडूही हाच.

"आपलंच पान आपल्याच हाताने वाढून घेतोस," मी म्हटलं होतं.

"मग काय, तू वाढशील म्हणून वाट बघत बसू, टाचणी?"

टाचणी म्हणजे मी. बारीक आणि कुठेही हरवणारी.

मग ताप आला. उतरला, परत आला, आणि एके दिवशी दवाखान्यातून बाबा हातात फक्त त्याच्या चपला घेऊन परत आले. त्याबद्दल इतकंच.

आईने कॉम्प्युटरवर उशीचा अभ्रा चढवला. तो कित्येक दिवस तसाच होता, टेबलावर कोणीतरी डोक्यावरून पांघरूण घेऊन बसल्यासारखा. एका दुपारी मी तो काढला. तेव्हाची मी म्हणजे काय सांगू, हजेरीला "हजर" इतक्या हळू म्हणायचे की बाई मला गैरहजर लावायच्या आणि मी तेही चालवून घ्यायचे. गेममध्ये मात्र कोणी ठरवल्याशिवाय काही पुढे सरकतच नाही. ठरवायला दुसरं कोणी नव्हतं. मग मीच ठरवायला लागले. धाडधाड हरले. मग कमी हरले. मग जिंकायला लागले, आणि ते अंगातच भिनलं. एक दिवस शाळेच्या मैदानावर माझ्याच तोंडून निघालं, "बाई, आपली मागची फळी फार पुढे उभी राहते. मागे सगळं रान मोकळं." खेळाच्या बाई चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या. ही बोलते, हेच त्यांना नवीन होतं. आता मुलींच्या संघाचा डाव फळ्यावर मी आखते. पोरी मला "सर" म्हणतात. चिडवायला म्हणतात, पण म्हणतात.

तर गेममधलं वर्ष आपल्या महिन्याभरात संपतं. त्यामुळे दादा मोठा होत गेला. आणि त्याच्याबरोबर चेहराही. हे मला आधी माहीत नव्हतं. गेममधल्या त्याच्या माहितीच्या पानावर गेले की दर हंगामात काहीतरी बदललेलं असायचं. दाढी आली. गाल बसले. कपाळ मागे सरकलं. शिंक दाबल्याचा भाव तेवढा तसाच राहिला.

आई चष्म्याच्या दुकानात काम करते, फ्रेममध्ये काचा बसवते. तिची नजर अशी की काचेवरचा केस दाराबाहेरून दिसतो. कामावरून आली की पर्स खांद्यालाच ठेवून पलंगाच्या कडेला बसायची आणि म्हणायची, "दाखव."

मी दादाचं पान उघडायचे.

"झोप होत नाही याची," ती म्हणायची. किंवा, "तुझ्या मामासारखं टक्कल नको पडायला, एवढंच." फुटबॉलमधलं तिला ओ की ठो कळत नाही. मॅच चालू असताना ती फक्त आठ नंबरच्या ठिपक्याकडे बघायची.

"मधे पाणी देतात ना त्याला?"

"देतात."

"बघ हं."

बाबा मात्र दादाच्या त्या खोलीत कधीच आले नाहीत. ते लिफ्ट दुरुस्त करतात. बोलणं मोजकंच, तेही जास्त करून लिफ्टच्या दारांशी. त्यांच्या कामाची एक रीत आहे, आमच्या घरात सगळ्यांना पाठ: कोणी दोन मजल्यांच्या मधे अडकलं की आधी अवजारं काढायची नाहीत. आधी दाराला तोंड लावायचं आणि म्हणायचं, "आहे मी इथे. घाबरू नका. नाव काय तुमचं?" बाबा म्हणतात, अंधारात अडकलेल्याला आधी आवाज लागतो, पान्हा नंतर. दादाने ते वाक्य चोरलं होतं. खाली पार्किंगमध्ये आम्ही खेळायचो तेव्हा मी नेहमी डावीकडे, विजेच्या मीटरच्या पेट्यांपाशी. माझी किक म्हणजे चेंडूला गुदगुल्या. मग दादा मधली जागा सोडून माझ्याजवळ सरकायचा. "आहे मी इथे, टाचणी. नुसता ढकल."

बाबा त्या खोलीवरून जाताना जमिनीकडे बघत जायचे. मला वाटायचं, त्यांना राग येतो. आईचा, माझा, ठिपक्याचा.

आता खरा घोळ सांगते.

या हंगामात आम्ही तळाला गेलो. कारण उघड होतं, पण ते मला कोणाला म्हणून दाखवायचं नव्हतं: दादा धावू शकत नव्हता. अर्धी मॅच झाली की त्याच्या दमाची पट्टी हिरव्याची पिवळी, पिवळ्याची लाल. समोरचे त्याच्या बाजूनेच घुसायचे, उघड्या दारातून मांजर घुसावं तसे. आणि तळाचे संघ हंगाम संपला की खालच्या गटात जातात आणि प्रशिक्षकाला नारळ मिळतो. मग संघ मशीनच्या हातात. मशीन दादाला पहिल्याच दिवशी काढून टाकणार, त्याला काय, शिंक माहीत आहे का.

दुसरा रस्ता, दादाला बेंचवर बसवायचं. पण या गेममध्ये बेंचवर बसलेली म्हातारी माणसं हंगामाच्या शेवटी निवृत्ती घेतात. आणि निवृत्त झालेल्याचं पान बंद होतं. चेहरा जातो, तिथे डोकं आणि खांदे एवढीच करडी सावली उरते.

मी हे आईला सांगितलं. ती बराच वेळ पर्सची चेन उघडत-लावत बसली.

"मग पुढचं बटणच दाबू नकोस," ती म्हणाली. "राहू दे असाच."

"आई, असा म्हणजे कसा?"

"असा. आत्ता आहे तसा. मी येईन, बघेन."

मी प्रशिक्षक आहे. प्रशिक्षकाने थांबून चालत नाही. मी त्या दिवशी धीर करून डाव बदलला. पूर्ण संघ पुढे सरकवला, चेंडू गेला की तुटून पडायचं असं सांगितलं, आणि आठ नंबरच्या जागी एक पोरगेला, हरणासारखा पळणारा खेळाडू घातला. दादाला ओढून बेंचवर ठेवलं. सेव्ह केलं. मॅच उद्या खेळू म्हटलं, कारण त्या दिवशी माझ्याच्याने पुढचं बघवलं नसतं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले, गेम उघडला. पोरगेला बेंचवर होता आणि दादा संघात.

वाटलं, सेव्ह करायचं राहिलं असेल. परत बसवला. परत सेव्ह केलं, या वेळी मोठ्याने म्हणून, "सेव्ह." दुसऱ्या दिवशी दादा परत संघात.

आणि त्याच्या नेहमीच्या जागी नाही. मधोमध नाही. थोडा डावीकडे सरकलेला, आमच्या डाव्या बाजूच्या खेळाडूच्या जवळ. त्या खेळाडूला मी ससा म्हणते. दादाचा ठिपका सशापासून हातभर अंतरावर उभा होता, कोणीतरी किक मारायला घाबरतंय म्हणून आल्यासारखा.

आई कामावरून आली तशी मी तिला दारातच गाठलं.

"आई, तू गेमला हात लावलास?"

"मी? त्या उंदराला?" आई माउसला उंदीर म्हणते आणि खऱ्या उंदराइतकंच लांब राहते.

मॅच तशीच खेळवली. हरलो. मी परत त्याला बाहेर काढलं, तो परत आत आला. असं चालूच राहिलं. मी काढायचं, त्याने यायचं, दर वेळी डावीकडे. संघ हरत होता आणि मला, खरं सांगते, दुपारी कुलूप उघडताना भीती वाटायची, आणि ती नुसती भीती नव्हती. मी घरात शिरताना "आले रे" म्हणायला लागले होते. कोणाला, ते विचारू नका.

मग आवाज. पहाटे अर्धवट झोपेत भिंतीपलीकडून कोणीतरी बोलल्यासारखं ऐकू यायचं. शब्द कळायचे नाहीत, पण आवाज दादाचा होता. तोच खालचा, थोडा घासलेला. एकदा मात्र स्पष्ट ऐकू आलं: "आहे मी इथे." मी पांघरूण तोंडावर ओढून घेतलं आणि तशीच पडून राहिले. उजाडल्यावर जाऊन पाहिलं. खोलीत कोणी नव्हतं. कॉम्प्युटर बंद. खुर्चीवर हात ठेवला, तर गादी कोमट होती.

शेवटची मॅच उरली. बरोबरी झाली तरी आम्ही वाचणार होतो, हरलो तर सगळंच संपणार होतं. त्या दिवशी सुट्टी होती. मी ठरवलं, आज जे आहे ते बघायचं. शाळेत सगळ्यांसमोर बोलू शकते तर स्वतःच्या भावासमोर उभी राहू शकणार नाही का. आवाज आला तशी उठले, गार फरशीवरून अनवाणी गेले आणि दार ढकललं.

खुर्चीत बाबा होते.

कामाचे कपडे घातलेले, खिशातून पान्हा डोकावत होता. माउस दोन्ही हातांनी धरला होता, फुटणाऱ्या वस्तूसारखा. पडद्याच्या अगदी जवळ तोंड नेऊन ते बोलत होते. "आहे मी इथे, राजा. घाबरू नकोस. आत ये. हां, असा." आठ नंबरचा ठिपका बेंचवरून सरकत सरकत मैदानात येत होता.

दादाचा आवाज बाबांचाच आवाज होता. इतक्या वर्षांत माझ्या लक्षातच आलं नव्हतं, कारण बाबा बोलतात कुठे.

"बाबा."

त्यांनी माउस सोडून दिला. ठिपका मधेच थांबला.

"तू बाहेर काढतेस त्याला," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "मला वाटलं, बाहेर राहिला तर मशीन टाकून देईल. म्हणून रोज आत घेतो. आणि थोडं बोलतो. अडकलाय ना तो."

"रोज?"

"कामावर जायच्या आधी. तुझी आई उठायच्या आत."

"मी उठलेलीच असते," आई माझ्या मागून म्हणाली. तिच्या खांद्यावर चादर होती. "मला वाटायचं, तुम्ही फोनवर कोणाला तरी धीर देताय."

बाबा खुर्चीतून उठले आणि आम्ही तिघं पडद्याच्या उजेडात उभे राहिलो. मला हसू येत होतं आणि रडूही, आणि दोन्हीपैकी काहीच नीट येत नव्हतं. मग मला ते आठवलं.

"पण बाबा, डावीकडे का?"

"काय डावीकडे?"

"त्याला डावीकडे का ठेवता? सशाजवळ?"

"मी मधेच ठेवतो," बाबा म्हणाले. "आधी होता तिथेच. मला दुसरी जागा माहीत तरी आहे का? आत आला की मी बंद करतो आणि जातो."

मी आईकडे बघितलं. तिने दोन्ही हात चादरीत ओढून घेतले. "मी त्या उंदराला हात लावलेला नाही, शपथेवर सांगते."

कॉम्प्युटरचा पंखा घुर्र करत राहिला.

मी खुर्ची ओढली. बाबांना म्हटलं, "लिफ्ट अडकली की तुम्ही बोलता. पण नुसतं बोलतच बसता का?"

"नाही."

"मग?"

"वीज बंद करायची. वर जाऊन चाक हाताने फिरवायचं, जवळचा मजला येईपर्यंत. हळू. घाई केली तर आतला माणूस दचकतो."

"मग आणूया ना त्याला मजल्यावर."

बाबांनी आईकडे पाहिलं. हा प्रश्न तिचाच होता, हे आम्हाला तिघांनाही माहीत होतं. तिला तो रोज हवा होता, असाच, आहे तसा. ती पडद्याजवळ गेली, चष्मा वर केला आणि तो पांढऱ्या कल्ल्यांचा चेहरा दुकानातल्या काचेसारखा तपासला.

"दमलाय," ती म्हणाली. "खेळव आज. आणि पुरे झालं की बोलव त्याला. पण मला सांगून."

मी डाव मांडायला बसले. इतका विचार मी शाळेच्या सामन्यालासुद्धा केला नव्हता. तुटून पडायचं रद्द. मागची फळी खाली ओढली, म्हणजे दादाला मागे धावावं लागणार नाही. त्याच्या मागे दोन धट्टेकट्टे ठेवले, त्याच्या वाटणीचं पळायला. आणि त्याला मी स्वतःच्या हाताने डावीकडे नेलं, सशाच्या बाजूला. तो जिथे जाऊ बघत होता तिथेच. पोरगेल्याला बेंचवर तयार ठेवलं.

"हे बरोबर आहे का?" बाबांनी विचारलं.

"बघू. तुमच्याकडे चाकाची गॅरंटी असते का?"

"नसते," ते म्हणाले आणि पहिल्यांदाच पलंगावर बसले.

मॅच सुरू झाली. समोरचे चढून आले, आमचे खाली दाटीवाटीने उभे. मग चेंडू दादाकडे आला. त्याला धावायचं नव्हतंच. तो उभ्या उभ्या वळला आणि सशाकडे अगदी हळू ढकलला. ससा सुटला. गोल.

आईने विचारलं, "हे आपलं ना?"

"आपलं."

"त्याने केला?"

"त्याने दिला."

ती मान हलवत राहिली, जणू हे तिला आधीपासून माहीत होतं. दुसऱ्या अर्ध्यात दादाची पट्टी पिवळी झाली. मग नारिंगी. ठिपका अडखळायला लागला, चेंडू आला तरी उशिरा वळायचा. माझं बोट बटणावर होतं, पण मी सांगणार नव्हते. तिने सांगायचं होतं.

"लाल झाला गं," आई म्हणाली. मग बऱ्याच वेळाने, "बोलव."

मी बदली केली. या गेममध्ये बाहेर बोलावलेला ठिपका जवळच्या रेषेवर जातो आणि पुसला जातो, डोळ्याचं पातं लवेपर्यंत. दादाचा ठिपका चालत निघाला. जवळच्या रेषेवरून नाही. डाव्या कडेने, सशाच्या अंगावरून, लांबच्या वाटेने. पडद्यावरचं घड्याळ थांबलेलं, बाकी सगळे ठिपके जागच्या जागी. मी बाजूला पाहिलं, तर बाबांचा उजवा हात हवेत फिरत होता, जड चाक फिरवावं तसा, हळूहळू. ओठ हलत होते. ठिपका रेषेवर पोचला. बाबांचा हात थांबला. मग ठिपका गेला.

त्यांनी एक गोल केला, बरोबरी झाली. पोरगेला शेवटपर्यंत वेड्यासारखा धावला. आम्ही वाचलो.

हंगाम संपला तेव्हा दादा बेंचवर होता, म्हणून निवृत्तीचा निरोप लगेच आला, दोन ओळींचा. मी त्याचं पान उघडलं तेव्हा तिथे करडी सावली होती, डोकं आणि खांदे. आईने चष्मा काढून पदराने पुसला, परत घातला आणि परत पाहिलं.

"बाहेर आला?" तिने बाबांना विचारलं.

"आला."

"दचकला नाही ना?"

"नाही. हळूच आणला."

बाबा उठले. माणूस बाहेर आला की ते आधी दार लावून घेतात, नाहीतर उघड्या दारातून पुढचा पडतो, हीसुद्धा त्यांच्या कामाची रीत. त्यांनी पडदा बंद करण्यासाठी हात पुढे केला, पण बटण कुठे आहे ते त्यांना सापडेना. मग मीच बंद केलं. आई दारात थांबून म्हणाली, "तुझी ती शाळेची मॅच कधी म्हणालीस?" मी सांगितलं. मी ते आधीही सांगितलं होतं, पण या वेळी दोघांनी ऐकलं.

आता पहाटे आवाज येत नाही. बाबा चहा घेऊन थेट कामावर जातात. मी नवा हंगाम सुरू केलाय. आठ नंबर मी कोणाला दिलेला नाही. गेम दर वेळी विचारतो, मी दर वेळी नाही म्हणते. संघ बरा चाललाय. फक्त ससा एक गोष्ट करतो जी मी त्याला शिकवलेली नाही. मोकळं मैदान पुढे असतानाही तो मधेच थांबतो आणि चेंडू उजवीकडे, हातभर अंतरावर, अगदी हळू ढकलतो. तिथे आमचा कोणी नसतो. आणि चेंडू तिथे क्षणभर थांबतो, मग वळून त्याच्याकडे परत येतो.

मी प्रशिक्षक आहे. तसं करू नकोस म्हणून त्याला मी सांगू शकते. अजून सांगितलेलं नाही.